रडण्याच्या अलीकडे: हँक विल्यम्स यांच्या एका गीताचा स्वरविचार

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांची कथागीते, चर्चमधील प्रार्थनागीते आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज या तीन प्रवाहांच्या संगमातून जे ग्रामीण संगीत घडले, त्याला आज ‘कंट्री’ संगीत म्हणतात. या परंपरेत विरहाच्या आणि एकटेपणाच्या गाण्यांना तोटा नाही. तरीही हँक विल्यम्स यांनी लिहिलेले आणि 30 ऑगस्ट 1949 रोजी ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात, हर्झोग स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले ‘आयॅम सो लोनसम आय कुड क्राय’ हे गीत त्या सर्वांत वेगळे उठून दिसते. तीन मिनिटांहूनही कमी कालावधीच्या या गीतात ना कथा आहे, ना ध्रुवपद, ना आवाज टिपेला नेणारा उत्कर्षबिंदू. भावना ओतून न टाकता ती अडवून धरल्याने गाणे किती खोल जाऊ शकते, याचा इतका निर्मळ नमुना लोकप्रिय संगीतात विरळाच सापडेल.

विल्यम्स यांचा जन्म 1923 साली अलाबामा राज्यातील माउंट ऑलिव्ह या खेड्यात झाला. आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे आणि तिच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या कानावर लहानपणापासून प्रार्थनागीतांच्या चाली पडत होत्या. पुढे रूफस पेन या कृष्णवर्णीय फिरत्या वादकाकडून त्यांना गिटारचे आणि ब्लूजचे धडे मिळाले. मणक्याच्या जन्मजात व्यंगामुळे पाठदुखीने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही. जून 1949 मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या प्रतिष्ठित रेडिओ कार्यक्रमात त्यांचे पदार्पण झाले, म्हणजे हे गीत ध्वनिमुद्रित झाले तेव्हा ते यशाच्या शिखराकडे निघालेले पंचविशीतले तरुण होते. 1 जानेवारी 1953 रोजी, वयाच्या अवघ्या 29व्या वर्षी, कार्यक्रमासाठी प्रवास करीत असताना मोटारीतच त्यांचे निधन झाले. या अकाली अंतामुळे अनेक समीक्षक हे गीत त्यांच्या चरित्राची किल्ली म्हणून वाचतात. परंतु गीताचे सामर्थ्य चरित्राच्या आधारावर उभे नाही, ते रचनेत आहे, आणि म्हणून रचनेकडेच बारकाईने पाहणे अधिक न्याय्य ठरते.

गीतात चार ओळींची चार कडवी आहेत. आठ आणि सहा अक्षरांच्या ओळी आलटून पालटून येण्याचा, इंग्रजी प्रार्थनागीतांत ‘कॉमन मीटर’ या नावाने रुळलेला साचा येथे थोड्या सैलपणे वापरलेला असून प्रत्येक कडव्यात दुसरी आणि चौथी ओळ यमकाने जोडलेली आहे. विशेष म्हणजे चारही कडव्यांत यमकाचा ध्वनी एकच, ‘आय’, आहे आणि प्रत्येक कडव्याचा शेवट रडण्याच्या त्याच एका क्रियापदावर होतो. हा ध्वनी ‘आ’काराने उघडतो आणि ‘ई’काराकडे मिटत जातो, त्यामुळे गायकाला तो लांबवता येतो आणि लांबवता लांबवता विझवताही येतो. एकाच यमकाकडे पुन्हा पुन्हा परतणे ही कल्पनाशक्तीची उणीव मानता येणार नाही. एकाकी मनाला सुटकेची दुसरी वाट दिसत नाही, हे यमकयोजनेतूनच श्रोत्यापर्यंत पोहोचते.

प्रतिमांची मांडणी याहूनही सूक्ष्म आहे. पहिल्या कडव्यात रात्री ओरडणारा, रातव्याच्या कुळातील ‘व्हिपूरविल’ पक्षी आणि मध्यरात्रीची कण्हत जाणारी आगगाडी आहे. दुसऱ्यात सरता न सरणारी रात्र आणि ढगाआड तोंड लपवणारा चंद्र. तिसऱ्यात पानगळीच्या वेळचा रॉबिन पक्षी. चौथ्यात जांभळ्या आकाशातून निःशब्द निखळणारा तारा. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या कडव्याची अखेर शीर्षकाच्या ओळीने होते, दुसऱ्या कडव्यात मात्र ती ओळ येतच नाही आणि तिच्या जागी, त्याच सुरावटीवर, चंद्र रडतो. पक्षी रडतो, चंद्र रडतो, आगगाडीसुद्धा कण्हते. गाणारा माणूस तेवढा रडण्याच्या अलीकडे थांबलेला आहे. ज्या व्यक्तीसाठी ही सारी तगमग चालली आहे, तिचा उल्लेख थेट चौथ्या कडव्यात, तोही ती कुठे असेल या विचारापुरता येतो. तोवर श्रोत्याला एकटेपण जाणवलेले असते, पण त्याचे कारण कळलेले नसते.

हेच थांबणे स्वररचनेतही आहे. भारतीय कानाला करुण भाव म्हटला की कोमल गंधार-धैवताची अपेक्षा असते, आणि पाश्चात्त्य संगीतातही दुःखासाठी कोमल गंधाराची ‘मायनर’ स्वरपंक्ती हाताशी धरण्याची सवय आहे. येथे मात्र गीत ‘मेजर’ स्वरपंक्तीत, म्हणजे आपल्या बिलावल थाटाशी जुळणाऱ्या शुद्ध स्वरांत, बांधलेले आहे. साथीला कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, मुख्यतः तीनच आहेत आणि ते षड्ज, मध्यम व पंचम यांवर उभारलेले आहेत. कडव्याच्या पहिल्या दोन ओळी जवळजवळ संपूर्णपणे षड्जाच्या कॉर्डवर रेंगाळतात. दुसरी ओळ संपता संपता त्या कॉर्डमध्ये कोमल निषाद मिसळतो, एक प्रकारची अस्वस्थ ओढ निर्माण होते आणि तिसऱ्या ओळीच्या आरंभी मध्यमाचा कॉर्ड येताच ती ओढ क्षणभर सैलावते. चौथ्या ओळीत पंचमावरून चाल पुन्हा षड्जावर येते. इतका वेळ न हलता थांबणे आणि मग अगदी थोडेसे हलणे, एवढ्याच ऐवजावर संपूर्ण भावपरिणाम साधलेला आहे.

लय तीन मात्रांच्या वॉल्ट्झची आहे. पहिल्या मात्रेवर बासचा ठोका आणि उरलेल्या दोहोंवर गिटारचे हलके आघात अशी तिची चाल असते. दादऱ्यात तीन-तीन मात्रांच्या दोन भागांपैकी दुसऱ्यावर खाली येते, त्यामुळे चक्राला श्वास मिळतो. वॉल्ट्झमध्ये प्रत्येक तिसऱ्या मात्रेनंतर पुन्हा नवे वजन पडते. नृत्यासाठी जन्मलेली ही लय येथे संथ केल्यामुळे रात्र सरकत नसल्याची जाणीव पक्की होते. ध्वनिमुद्रणात ड्रम्स नाहीत, ही गोष्टही त्या शांततेला पोषक ठरते.

वाद्यांमध्ये खरी सहगायिका आहे जेरी बर्ड यांची स्टील गिटार. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून धातूची कांडी सरकवत वाजवल्या जाणाऱ्या या वाद्याचे मूळ हवाई बेटांत असून त्याचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना दिले जाते. कांडी सरकवल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर मिंडेने जाता येते. याच गुणामुळे हे वाद्य भारतातही रुजले. व्हॅन शिपले यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे हिंदी चित्रपटगीतांच्या चाली ‘हवाइयन गिटार’वर घरोघरी ऐकल्या गेल्या, आणि मराठी श्रोत्याला बर्ड यांचा नाद परका वाटत नाही तो म्हणूनच. बर्ड येथे करामत दाखवत नाहीत, जवळपास मूळ चालच वाजवतात. विल्यम्स यांच्या कंठात याला जोड मिळते ती छातीच्या आवाजातून खोट्या आवाजात निमिषभर फुटण्याची. हे फुटणे योडेल गायनातून आलेले आहे. आवाज फुटतो आणि लगेच सावरला जातो.

नोव्हेंबर 1949 मध्ये हे गीत बाजारात आले ते ‘माय बकेट्स गॉट अ होल इन इट’ या उडत्या चालीच्या गाण्याच्या मागल्या बाजूला, कारण पैसे टाकून वाजवल्या जाणाऱ्या ज्यूकबॉक्सच्या गिऱ्हाइकाला संथ गाणी रुचत नाहीत असा व्यवसायाचा हिशेब होता. त्या हिशेबाने गीताला तात्काळ प्रसिद्धी मिळू दिली नाही, पण गायकांनी ते सोडले नाही. 1966 साली बी. जे. थॉमस यांची आवृत्ती अमेरिकेच्या सर्वसाधारण लोकप्रियता यादीत आठव्या क्रमांकापर्यंत गेली. तीत आवाज मोकळा सुटतो, आणि मूळ गीताचे धरून ठेवणे त्यात हरवते. जानेवारी 1973 मध्ये हवाईतून उपग्रहाद्वारे प्रक्षेपित झालेल्या मैफलीत एल्विस प्रेस्ली यांनी ते गायले आणि त्याच वर्षी अल ग्रीन यांनी सोल संगीताच्या ढंगात ते आपल्या ‘कॉल मी’ या अल्बममध्ये घेतले. रचनेच्या दृष्टीने सर्वांत बोलकी कसोटी मात्र 1972 साली चार्ली मॅकॉय यांच्या माउथ ऑर्गनने घेतली: शब्द नाहीत, चंद्र नाही, पक्षी नाही, तरीही दुसऱ्या ओळीअखेरची ती ओढ आणि तिसऱ्या ओळीतला तो निसटता दिलासा जसाच्या तसा ऐकू येतो.