चाकांवरचें घर आणि विजेची परीक्षा

मोटारीमागें ट्रेलर जोडून देशभर हिंडण्याची हौस अमेरिकेंतील लोकांस फार दिवसांपासून आहे. एअरस्ट्रीम कंपनीनें ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आपला 'क्लिपर' ट्रेलर १९३६ सालीं विक्रीस आणला होता. आपल्यांतील कित्येकांचे मुलगे-सुना, लेकी-जांवई आज तिकडे नांदत आहेत, आणि भेटीस गेलेले आईबाप अशा चाकांवरच्या घरांत चार दिवस राहून येतात. मुक्कामाच्या तळावर प्रत्येक जागेपाशीं विजेची एक पेटी असते. जाड केबलनें ट्रेलर तिला जोडला कीं दिवे, पंखे, शीतपेटी सारें सुरू होतें. परंतु दिवा लागला म्हणजे जोडणी निर्दोष आहे, असें मात्र नव्हे. ती पारखावी कशी, हा आजचा विषय.

तिकडील घरगुती वीज १२० व्होल्टची असते. ३० अँपियरच्या पेटींतील सॉकेटास तीन भोंकें असतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून ती परत जाते, आणि तिसरी तार अर्थाची. नित्य व्यवहारांत या तिसरीस कांहींच काम नसतें; पण फेजची तार कोठें उघडी पडून पत्र्यास टेकली, तर तो प्रवाह हीच तार तत्काळ परत नेते. प्रवाह एकाएकीं वाढतो, ब्रेकर पडतो आणि मनुष्य वांचतो. ही तार तुटलेली असली तरी दिवे पूर्ववत् लागतात. दोष दिसत नाहीं, यांतच त्याची भयंकरता आहे.

ट्रेलर रबरी चाकांवर उभा असल्यामुळें जमिनीपासून अलग असतो. त्याच्या पत्र्यांत वीज उतरली तरी आंत बसलेल्यांस कांहीं जाणवत नाहीं. तारेवर बसलेल्या पक्ष्यालाही धक्का बसत नाहीं, तसेंच हें. पण एखादें मूल ओल्या गवतावर अनवाणी उभें राहून दाराच्या कडीस हात लावतें, त्या क्षणीं विजेला त्याच्या देहांतून जमिनीकडे जाण्यास वाट सांपडते.

कित्येकांची अशी समजूत असते कीं, ट्रेलरपाशीं लोखंडी कांब जमिनींत ठोकली म्हणजे भय टळलें. येथें थोडें गणित करूं. कांबेभोंवतालच्या मातीचा विरोध २५ ओहम धरला, तर १२० व्होल्टला त्यांतून पांच अँपियरही प्रवाह जात नाहीं. ३० अँपियरचा ब्रेकर एवढ्यानें पडावयाचा नाहीं, आणि पत्र्यांतील वीज तशीच राहील. ब्रेकर पाडते ती मूळ पुरवठ्यापर्यंत परत जाणारी अखंड अर्थतारच.

आतां तपासणीचा क्रम सांगतों. प्रथम पेटी डोळ्यांनीं पाहावी. सॉकेट जळालेलें, सैल किंवा फुटकें असल्यास तेथें जोडूंच नये. नंतर, केबल जोडण्यापूर्वीं, कोरड्या हातांनीं आणि कोरड्या जागीं उभें राहून मल्टिमीटरनें तीन मापें घ्यावीं. सळ्यांच्या धातूस बोट लागूं देऊं नये. फेज व न्यूट्रल यांमध्यें सुमारें १२०, फेज व अर्थ यांमध्यें तितकेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांमध्यें जवळजवळ शून्य, असें माप यावें. फेज-अर्थ शून्य आणि न्यूट्रल-अर्थ १२० आलें, तर तारांची अदलाबदल झाली आहे. अशा वेळीं बटण बंद केलें तरी उपकरणांत वीज राहते. अर्थाशीं घेतलेलीं मापें अस्थिर व भलतींच आलीं, तर अर्थतार तुटलेली समजावी. आणि तीन भोंकांच्या या सॉकेटांत २४० व्होल्ट दिसले, तर तेथून निघून जावें. घरीं सॉकेट बसवून घेतांना नवख्या कारागिराच्या हातून ही चूक होते, आणि ट्रेलरमधील उपकरणें पाहतां पाहतां जळून जातात.

५० अँपियरच्या सॉकेटास चार भोंकें असतात. त्यांत दोन फेज असून त्या दोहोंमध्यें २४०, आणि प्रत्येक फेज व न्यूट्रल यांमध्यें १२० व्होल्ट आले पाहिजेत. येथें न्यूट्रल तुटला तर एका बाजूस दाब चढतो, दुसरीस उतरतो, आणि नाजूक उपकरणांचा नाश होतो.

एक दोष मात्र या तिन्ही मापांस चकवितो. कोणी न्यूट्रल व अर्थ एकत्र बांधले आणि शिवाय फेजची जागाही बदलली, तर मीटर सर्व कांहीं ठीक दाखवितो. प्रत्यक्षांत ट्रेलरचा सारा पत्रा १२० व्होल्टवर असतो. म्हणून शेवटची परीक्षा कधींही टाळूं नये. ब्रेकर बंद ठेवून केबल जोडावी, मग ब्रेकर चालू करावा, आणि कोणीही ट्रेलरास हात लावण्यापूर्वीं, स्पर्शाविना वीज ओळखणारा टेस्टर जमिनीवर उभें राहून पत्र्याजवळ न्यावा. तो उजळला किंवा वाजला, तर पत्र्यास न शिवतां पेटीवरील ब्रेकर बंद करावा, तळाच्या व्यवस्थापकास कळवावें आणि दुसरी जागा मागावी. पेटी उघडून दुरुस्तीस हात घालणें हें आपलें काम नव्हे.

वातानुकूल यंत्र चालू असतां दाब पुन्हां एकदां पाहावा. तो १०५ च्या खालीं उतरत असेल तर यंत्राची मोटर तापते. तें बंद ठेवणें बरें. निघतांना आधीं ब्रेकर बंद करावा, मग केबल काढावी.

हा बोध केवळ परदेशापुरता नाहीं. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आहे. तीन पिनांच्या प्लगांतील अर्थाची पिन लांब केलेली असते, ती सर्वांआधीं जोडली जाऊन सर्वांमागून सुटावी म्हणूनच. शीतपेटीस किंवा गीझरास हात लावतां मुंग्या आल्या, तर 'थोडें लागतें, चालायचेंच' असें म्हणूं नये. बटण बंद करावें आणि जाणत्या तारतंत्र्यास बोलावून अर्थाची तार तपासून घ्यावी. वीज पहिल्यानें सूचना देते. दुसऱ्या वेळीं ती देईलच, असें नाहीं.