केबल कापायला गेले, आणि...

तुमच्या घरात महिन्याला टीव्ही, फोन आणि नेट मिळून किती पैसे जातात? अंदाज नको, आकडा सांगा. नाही ना सांगता येत? मलाही नव्हता येत. आकडा कळला तो एका भांडणात.

झालं असं, की पुण्यात माझ्या मेसचे महिन्याला पाचशे रुपये वाढले. सुट्टीत साताऱ्याला घरी गेले आणि जेवता जेवता विषय काढला. बाबा काही बोलले नाहीत. कपाटातून हिशेबाची वही आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, ‘‘तूच सांग, यातलं काय कमी करू?’’ वहीत गॅस, लाइट बिल, आजीची औषधं आणि मधेमधे छोट्या अक्षरात ‘रिचार्ज’, ‘रिचार्ज’, ‘केबल’, ‘नेट’, पुन्हा ‘रिचार्ज’.

मी लगेच बोट ठेवलं ते केबलवर. हल्ली कोण बघतं केबल? सगळं ओटीटीवर आहे. महिन्याचे साडेतीनशे वाचले, म्हणजे माझे पाचशे जवळजवळ निघालेच! तुम्हीही हेच म्हणाला असतात. म्हणून पुढचं वाचा, कारण माझा हा हिशेब पार चुकीचा होता.

आधी वर्षाचा हिशेब मांडू. महिन्याचा मांडलात तर फसाल, कारण २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे महिन्याचा रिचार्ज नव्हे. ३६५ भागिले २८, म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. तेरावा महिना आपल्याकडे फक्त फोन कंपन्यांच्या कॅलेंडरात असतो! जुलै २०२४ मध्ये बड्या खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ दर वाढवले, त्यानंतर आमच्या घरात चारही फोनवर रोज दीड जीबीचा, २९९ रुपयांचा पॅक सुरू होता. आई, बाबा, आजी आणि मी. २९९ गुणिले तेरा गुणिले चार : १५,५४८ रुपये. घरचं फायबर नेट ३९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिना ४७१ आणि वर्षाचे साधारण ५,६५०. केबल साडेतीनशेच्या हिशेबाने ४,२००. नेटफ्लिक्सचा १९९ चा प्लॅन वर्षभर चालू, २,३८८. प्राइमचे वर्षाचे १,४९९.

एकूण २९,२८५ रुपये. बाबा दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघत होते.

आता यात केबल कुठे आहे बघा. साधारण सातवा हिस्सा. निम्म्याहून जास्त पैसे फोनवर जातात, आणि त्याबद्दल घरात कोणी कधी ब्रसुद्धा काढलेला नव्हता. रिचार्ज संपला की मारायचा, एवढंच. पण ही अक्कल मला नंतर आली. त्या दिवशी मी केबलवाल्या दादांना फोन करून ‘एक तारखेपासून बंद’ असं सांगून टाकलं.

दोन दिवस मजेत गेले. आमचा टीव्ही जुना, स्मार्ट नाही, पण मागे एचडीएमआय पोर्ट आहे. मैत्रिणीकडून तिची जादाची स्टिक आणली, लावली, वाय-फाय जोडलं. (विकत घ्यायची तर अशी स्टिक साधारण तीन ते पाच हजारांना पडते. म्हणजे पहिल्या वर्षी केबलचे वाचलेले पैसे त्या स्टिकमध्येच गेले असते. हे पण हिशेबात धरायचं असतं.) आजीला तिची मालिका ॲपवर लावून दिली. ‘‘बघ आजी, आता वाट बघायची गरजच नाही, पाहिजे तेव्हा बघ.’’

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला आजी घरात नव्हती. शेजारच्या काकूंच्या सोफ्यावर सापडली. मालिका बघत होती. मला बघून म्हणाली, ‘‘अगं, तुझ्या त्या टीव्हीत बाण कुठं न्यायचा ते मला कळत नाही. परत परत कोण बघतंय म्हणून विचारतो. मी बघतीय, अजून कोण?’’

प्रोफाइल निवडा, अपडेट करा, पुन्हा लॉगिन करा. आपल्याला यात काहीच वाटत नाही. तिच्यासाठी टीव्ही म्हणजे लाल बटण आणि तीन आकडी नंबर. आणि ‘पाहिजे तेव्हा बघ’ हे तिला नकोच होतं. सातला मालिका लागते म्हणून सातला कणीक मळून व्हायला हवी असते, तिच्या मैत्रिणींचं दुसऱ्या दिवशीचं बोलणं त्यावर चालतं. हे माझ्या हिशेबात कुठल्याच रकान्यात नव्हतं. तिने तक्रार केली नाही, गुपचूप काकूंकडे गेली, याचं मला जास्त वाईट वाटलं.

मग मी गुपचूप केबलवाल्या दादांना पुन्हा फोन केला.

पॅक उलगडून बघा

दादा आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मला आमचं बिल समजावून सांगितलं. तुमच्याही घरी केबल किंवा डिश असेल तर हे नीट वाचा. केबलच्या बिलात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे जोडणीचं भाडं, ज्याला नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात. दुसरी म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या वाहिन्या. २०१९ च्या सुरुवातीला ‘ट्राय’चे नवे नियम लागू झाले, तेव्हा आठवतंय का, घरोघरी लोक फॉर्म घेऊन वाहिन्या निवडत बसले होते? तेव्हापासून प्रत्येक वाहिनीची किंमत वेगळी जाहीर करावी लागते आणि हव्या त्याच वाहिन्या सुट्या घेता येतात. जोडणीचं भाडं तेव्हा १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, यावर जाऊ शकत नव्हतं. सुरुवातीला त्यात शंभर वाहिन्या मिळायच्या, २०२० पासून दोनशे झाल्या. जुलै २०२४ मध्ये ‘ट्राय’ने ही मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता तुमचा ऑपरेटर किती घेतो ते त्यालाच विचारा. आमचे दादा अजून जुन्याच दराने घेतात.

तर आमच्या साडेतीनशेत काय काय होतं? कार्टूनच्या वाहिन्या होत्या. घरात सगळ्यात लहान मी, वय वर्षं वीस. दोन इंग्रजी सिनेमांच्या होत्या, तीन दुसऱ्या भाषेतल्या बातम्यांच्या होत्या. २०१९ मध्ये ‘हा पॅक घ्या, सगळं येतं’ म्हणून जो घेतला, तो आजवर कोणी उघडूनच बघितला नव्हता. आजीला लागतात तीन मराठी वाहिन्या. त्या सुट्या घेतल्या आणि प्रत्येकीचे जास्तीत जास्त १९ रुपये धरले तर जीएसटीसकट ६७ रुपये होतात. भाडं मिळवून २२१. बातम्या आणि सह्याद्री मिळून बाकीचं भरपूर फुकटच्या वाहिन्यांत येतं. वर्षाचे दीड हजार वाचले आणि आजीचं लाल बटणही राहिलं.

आणि हो, गावाकडच्या घरात केबल नसेल तर डीडी फ्री डिश आहेच. डिश आणि बॉक्स एकदा विकत घ्या, महिन्याचं भाडं शून्य. २००४ पासून चालू आहे आणि आपल्यातल्या शहरी लोकांना त्याचा पत्ताच नसतो. मोबाइलवर दूरदर्शन हवं असेल तर प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ‘वेव्ह्ज’ हे ॲप सुरू केलं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसतात.

आता कोणी म्हणेल, नेटच कशाला, फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवू. चालवून बघा. एचडीमध्ये तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो, साध्या दर्जात एक जीबीच्या आसपास. रोजच्या दीड जीबीत एचडी बघायचं तर अर्ध्या तासात खेळ खल्लास. म्हणजे स्ट्रीमिंगवर जायचं तर घरात ब्रॉडबँड हवं. ते आधीपासून नसेल आणि केवळ साडेतीनशेची केबल बंद करायला तुम्ही ४७१ चं नेट घेत असाल, तर तुम्ही बचत करत नाही आहात, एवढं लक्षात असू द्या. आमच्याकडे लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन क्लाससाठी नेट घेतलेलं, ते राहिलंच.

मॅचचं काय, हा प्रश्न मुलं विचारणारच. २०२३ ची आयपीएल मोबाइलवर फुकट दाखवून आपल्याला सवय लावली गेली, मग हळूहळू पैसे लागायला लागले. शिवाय स्ट्रीमिंग केबलच्या काही सेकंद मागे असतं. वरच्या मजल्यावरचे काका ‘गेला!’ म्हणून ओरडतात तेव्हा आमच्या स्क्रीनवर बॉलर अजून रनअपवर असतो.

खरे पैसे इथे होते

घरात अनलिमिटेडसारखं वाय-फाय चालू असताना घरातच बसणाऱ्या माणसाच्या फोनला रोज दीड जीबी कशाला? आजीचा फोन तर बटणांचा आहे! त्यावर आम्ही वर्षानुवर्षं डेटा पॅक मारत होतो, कारण नुसत्या कॉलचा बरा पॅक पूर्वी सहज मिळायचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘ट्राय’ने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ते आले. ते ॲपमध्ये शोधावे लागतात, पहिल्या पानावर कधीच दिसत नाहीत. आजीला वर्षाचा १,८४९ चा पॅक मारला. आधी तिचे ३,८८७ जात होते.

बाबांना बाहेर यूपीआयसाठी नेट लागतं, आईला शाळेच्या ग्रुपसाठी. त्यांना २८ दिवसांना दोन जीबी देणारा १९९ चा पॅक लावला. व्हॉट्सॲपचं व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं आधी बंद केलं, नाहीतर ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांतच दोन जीबी संपतील. माझा पॅक तसाच ठेवला, कारण हॉस्टेलच्या वाय-फायबद्दल न बोललेलंच बरं. चौघांचे मिळून १५,५४८ चे १०,९१० झाले. दर अधूनमधून बदलतात, तुमच्या कंपनीचे आजचे आकडे घालून बघा.

२८ दिवसांचा वैताग असेल तर आणखी एक : २०२२ पासून प्रत्येक कंपनीला निदान एक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा पॅक ठेवावाच लागतो. मात्र तेरा आणि बाराने गुणून किंमत ताडून घ्या, दरवेळी स्वस्त पडेलच असं नाही.

राहिलं ओटीटी, आणि इथे दोषी आपणच. नेटफ्लिक्स मी परीक्षेच्या दोन महिन्यांत उघडलंच नव्हतं, पैसे मात्र जात होते. आता वर्षात तीनच महिने घ्यायचं ठरवलंय, सुट्टीत. वॉचलिस्ट साठवायची, एका महिन्यात उरकायची, बंद करायचं. पासवर्ड वाटून घेण्याची सोय २०२३ च्या जुलैमध्ये बंद झाली, तेव्हा तो मार्ग नाही. तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ असा भाग असतो, आत्ता उघडा. तिथे चालू असलेली सगळी कापाकापी दिसते आणि तिथूनच रद्दही करता येते. मला तिथे एक ध्यानधारणेचं ॲप सापडलं. कधी घेतलं होतं, देव जाणे. आणि तुमच्या रिचार्जमध्ये किंवा नेटच्या प्लॅनमध्ये एखादं ओटीटी आधीच येत असेल, तर तेच परत विकत घेऊ नका. माझ्या रूममेटने सहा महिने हेच केलं.

तर फोनचे ४,६३८, केबलचे १,५४८, नेटफ्लिक्सचे १,७९१. वर्षाचे ७,९७७ रुपये, महिन्याचे साधारण ६६५. मेसचे पाचशे बसले. उरलेल्या दीडशेचं काय करायचं यावर बाबा आणि मी अजून एकमताला आलेलो नाही.

एक घोटाळा मात्र करून ठेवलाय. जागा बदलली की एक ॲप पुन्हा लॉगिन मागतं, आणि ते मी घाईघाईत आजीच्या नंबरवर काढलंय. त्यामुळे पुण्यात बसून मला आजीला फोन करावा लागतो. परवा केला. ‘‘आजी, एक मेसेज आलाय बघ, त्यातला सहा आकडी नंबर सांग.’’

आजीने आधी विचारलं, जेवलीस का. मग म्हणाली, ‘‘तो नंबर कुणाला म्हणजे कुणाला द्यायचा नाही, बँकेतल्या बाईंनी बजावून सांगितलंय.’’ आणि फोन ठेवला.