टाळूला धातूचा आधार

वरची कवळी तुटते ती बहुधा मधोमध. पुढच्या दोन दातांमधून निघालेली चीर थेट टाळूपर्यंत जाते. पडली असेल, असे घरच्यांना वाटते. पण अनेकदा ती तोंडातच हळूहळू थकलेली असते. दात गेल्यावर हिरडीखालचे हाड वर्षागणिक झिजते, टाळूचा कठीण मध्य मात्र फारसा बदलत नाही. मग प्रत्येक घासाला कवळी त्या मध्यावर टेकते, दोन्ही बाजूंनी किंचित वाकते, आणि तार वाकवून वाकवून तोडावी तसे ॲक्रिलिक एक दिवस चिरते. खाली स्वतःचे दात शाबूत असले तर वरच्या कवळीवर जोर आणखी पडतो.

जोडून आणलेली कवळी पुन्हा तिथेच तुटली, तर नुसत्या जोडणीवर भागवू नये. कवळी नीट बसते का, दात नीट जुळतात का, हे डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावे. त्यानंतरही भीती उरली तर धातूच्या बेसबद्दल विचारावे. टाळूवरचा भाग कोबाल्ट-क्रोमियमचा ओततात. दात आणि हिरडीचा गुलाबी भाग ॲक्रिलिकचाच राहतो. ॲक्रिलिकला साधारण दोन मिलिमीटर जाडी लागते, धातूला अर्धा मिलिमीटर पुरतो. जिभेला जागा मिळते. धातूतून उष्णता चटकन जात असल्यामुळे चहाची ऊब टाळूला पुन्हा कळते. म्हाताऱ्या माणसाच्या जेवणात हे सुख छोटे नाही.

बसण्याचे म्हणाल तर ॲक्रिलिक घट्ट होताना आकसते आणि टाळूच्या मागच्या बाजूला साच्यावरून जरासे उचलले जाते. कवळी धरून ठेवणारी सीलबंद कडा नेमकी तिथेच असते. धातूही थंड होताना सुमारे दोन टक्के आकसतो, पण ओतकामाचा साचा तापवून तेवढाच फुगवलेला असतो. शिवाय पुढे दात बसवताना हा बेस वाकत नाही.

मात्र दात नुकतेच काढले असतील तर घाई नको. पहिल्या वर्षात हाड झपाट्याने झिजते, आणि कवळी सैल झाली की धातूच्या भागाला आतून नवा थर देणे कठीण जाते. म्हणून जाणते डॉक्टर हिरडीवर धातूची फक्त जाळी ठेवून तिच्यावर ॲक्रिलिक चढवतात, मागची कडाही ॲक्रिलिकची ठेवतात; दोन्ही पुढे दुरुस्त करता येतात. धातूमुळे खर्च आणि वजन वाढते. बेसच्या काही मिश्रधातूंत निकेल असते, ते काहींना सोसत नाही. नकली दागिन्यांनी अंगाला खाज सुटत असेल, तर माप देण्याआधीच डॉक्टरांना तसे सांगावे.