बडी चौपड आणि वीस शेवट

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या ऑगस्टात संसदेने बंदी घातल्यापासून कौशल्य आणि नशीब यांच्या जुन्या वादाचे दफ्तर एकदाचे गुंडाळले गेले, असे मानण्याकडे अनेकांचा कल दिसतो. परंतु हा कायदा खेळणाऱ्याच्या कनवटीपुरता आहे, आणि ज्या व्हिडिओ गेमांत पापपुण्याचा निवाडा खेळणाऱ्याच्याच हाती सोपवून त्याप्रमाणे कथेचा शेवट पालटतो, त्यांचा विचार करू लागलो की मला जयपूर आठवते.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरातील हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात, त्या चौकांना आजही बडी चौपड, छोटी चौपड अशीच नावे आहेत. आणि चौपड हे चार पट्ट्यांच्या सोंगट्यांच्या पटाचेही नाव. ज्ञानचौपड ही त्या पटाची विरक्त बहीण, आपल्याकडे मोक्षपट म्हणून परिचित: जैनांची बहुधा ८४ घरांची, वैष्णवांची ७२ घरांची, सद्गुणाच्या शिडीने वर नेणारी आणि दुर्गुणाच्या सापाने खाली ओढणारी. येथे निवड कसलीच नाही, पडेल ते दान; तथापि झालेले पतन मागे घेण्याचीही सोय नाही.

आजच्या खेळांत नेमकी ती सोय झाली आहे. खलनायकाला ठार केले, मन खट्टू झाले, की दहा मिनिटांपूर्वीची नोंद उघडावी आणि त्याला जीवदान द्यावे! 'मास इफेक्ट ३'चे शेवट खेळाडूंना रुचले नाहीत, तेव्हा २०१२ मध्ये कंपनीने ते विस्तारून पुन्हा दिले. म्हणजे नियतीविरुद्धही फिर्याद दाखल करता येते.

या पार्श्वभूमीवर लुकास पोप यांचा २०१३चा 'पेपर्स, प्लीज' मला श्रेष्ठ वाटतो. त्यात आपण एका काल्पनिक राज्याच्या सरहद्दीवरील नाक्याचे कारकून. पतीचे कागद बिनचूक, मागून आलेल्या पत्नीजवळ मात्र प्रवेशाचा परवाना नाही. शिक्का कोणता मारावा? दया दाखवावी, तर दिवसाच्या दोन ताकिदींनंतर रोजमुऱ्यातून दंड कापला जातो, आणि संध्याकाळी घरच्यांचे अन्न, ऊब आणि औषध यांतून एकावर काट मारावी लागते. वीस शेवट आहेत, मागचा दिवस पुन्हा उघडताही येतो, हे मान्य. पण पुण्याचे गुण मोजणारी पट्टी पडद्यावर कोठेही नाही, आणि माझ्या मते नीती तेथूनच सुरू होते. टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' (२०१५) तर याहून कठोर: सर्वांची कत्तल करून शेवट गाठलात, तर पुढे अहिंसेने खेळूनही तो जुना हिशेब विसरत नाही.

आपला पटही काही भोळा नव्हे. ७२ घरांच्या पटावर वैकुंठ शेवटच्या घरात नसून ६८व्या घरात आहे. दान अधिक पडले की सोंगटी ते ओलांडून पुढे सरकते, आणि ७२व्या घरात तमोगुणाचा साप तिला पृथ्वीवर परत नेण्यासाठी बसलेला असतो.