अजिंक्य संघ हरतात कसे?

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो मुख्यतः चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ. नावावर जाऊ नये. २००७ च्या हंगामात न्यू इंग्लंड पेट्रियट्स या धंदेवाईक संघाने साखळीतले १६ च्या १६ सामने जिंकले. पुढे बाद फेरीतले दोनही जिंकले, आणि ३ फेब्रुवारी २००८ रोजी अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्सकडून तो १७-१४ असा हरला. जायंट्स तर साखळीत सहा वेळा हरलेले!

मोठ्या सामन्यात संघ कचरतो, असे आपण चटकन म्हणतो. पण थोडा हिशेब करून पाहा. दहांतले आठ सामने जिंकणारा संघ घ्या. लागोपाठ तीन जिंकण्याचा त्याचा संभव भरतो शेकडा ५१. म्हणजे जवळजवळ नाणेफेकच! साखळीत एखादा पराभव पचतो. बाद फेरीत पहिलाच पराभव शेवटचा. शिवाय समोर येतात ते निवडक संघ.

अर्थात सारेच दैवावर ढकलता येत नाही. जायंट्सच्या आघाडीच्या गड्यांनी टॉम ब्रेडीला चेंडू फेकायला उसंत दिली नाही. पाच वेळा त्याला चेंडूसकट आडवे केले. साखळीत ५८९ गुण करणारा संघ १४ वर अडला. आणि पाचच आठवड्यांपूर्वी याच जायंट्सशी खेळताना पेट्रियट्स ३८-३५ असे जेमतेम निभावले होते.