वाफेचा दाब आणि सायझिंगचे सिलिंडर

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे ताण्याच्या सुताला खळ देणारे सायझिंगवाले बॉयलर चढ्या दाबावर चालवतात. सूत सुकवणाऱ्या सिलिंडरला मात्र तेवढा दाब सोसत नाही. ७ किलो दाबाची वाफ सुमारे १७० अंश गरम असते, २ किलोची १३३ अंश. हा दाब उतरवण्याचे काम पीआरव्ही नावाचा व्हॉल्व्ह करतो.

रचना साधी आहे. वर स्प्रिंग, तिच्याखाली पातळ पडदा. स्प्रिंग वाट उघडी ठेवू पाहते, पुढच्या पाइपातली वाफ पडद्याला खालून रेटून ती बंद करू पाहते. दोघींची बरोबरी होते तिथे दाब ठरतो. बोल्ट आवळला की पुढचा दाब वाढतो. पाण्याच्या लाइनवरही हेच.

खरी गोम पुढे आहे. ओल्या वाफेतले थेंब आणि पाइपातला गंज व्हॉल्व्हची बैठक खातात. मग तो पुरता मिटत नाही. यंत्र चालू असता हे कळत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत पुढचे कॉक बंद झाले की दाब हळूहळू बॉयलरइतका चढू शकतो. म्हणून पीआरव्हीच्या पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, तोही पीआरव्ही उघडा अडकला तरी सगळी वाफ बाहेर सोडील एवढ्या मापाचा. काही मंडळी नेमका हाच खर्च वाचवतात. याला आम्ही काटकसर म्हणत नाही.

पीआरव्हीच्या आधी जाळी बसवावी, ती वेळोवेळी धुवावी. सुट्टीत गेजकडे पाहावे. काटा ठरल्या दाबाच्या वर सरकू लागला तर मिस्त्रीला त्याच दिवशी बोलवावे.