एका दिव्याचे शिक्षण

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहात एका चित्रापुढे प्रेक्षकांची पावले हमखास थबकतात. एका हातात दिवा धरलेली आणि दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा देणारी स्त्री. अनेकजण ते राजा रविवर्मा यांचे समजतात. परंतु रविवर्मा १९०६ साली निवर्तले आणि हे जलरंगचित्र त्यानंतर सुमारे चार दशकांनी, १९४५-४६ च्या सुमारास साकारले. त्याचे चित्रकार सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ख्यात झालेल्या या चित्रासाठी त्यांनी आपल्या कन्येलाच हाती दिवा देऊन उभे केले होते.

घरातील एखाद्या खोलीत पोर्ट्रेट टिपण्याची हौस असलेल्या, किंवा त्यातून छोटा व्यवसाय उभारू पाहणाऱ्या होतकरूंना हे चित्र मोलाचा धडा देते. चित्रात प्रकाशाचा उगम एकच आहे. त्याला हाताने अडवले आहे, म्हणून तो प्रेक्षकाच्या डोळ्यांवर न येता चेहरा उजळतो. भोवतालचा अंधार हा चित्राचाच भाग आहे. दिव्यांच्या संख्येपेक्षा प्रकाशावरील ताबा महत्त्वाचा, हेच त्यातील सार.

प्रारंभी स्टँडवर बसविलेला एक एलईडी दिवा पुरेसा होतो. खोक्यावर सीआरआय ९० किंवा अधिक लिहिलेले असावे. त्याने त्वचेचा रंग खरा उमटतो. उघड्या दिव्याच्या प्रकाशात सावल्यांच्या कडा तीक्ष्ण येतात. म्हणून दिव्यापुढे पातळ पांढरे धोतर किंवा चादर ताणून बांधावी. प्रकाशाचा पृष्ठभाग जितका मोठा आणि चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकी सावली मृदू. मात्र तापणाऱ्या हॅलोजन दिव्याजवळ कापड कधीही लावू नये.

दिव्याची जागा हा पुढचा प्रश्न. चित्रातील उजेड खालून येतो. त्यातील सावल्या चित्रकार कुंचल्याने सौम्य करू शकतो. कॅमेऱ्याला ती मुभा नसते आणि खालून पडलेला प्रकाश चेहरा भेसूर करतो. म्हणून दिवा समोरून सुमारे ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीहून थोडा वर ठेवावा. दोन्ही बुबुळांत प्रकाशाचा ठिपका चमकला, म्हणजे जागा साधली. दुसऱ्या गालावरील सावली फार गडद वाटल्यास त्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरावा. तो जवळ आणला की सावली उजळते, दूर नेला की गहिरी होते.

अंतराचा हिशेब व्याजाच्या हिशेबाइतकाच नेमका आहे. उघडा दिवा चेहऱ्यापासून दुप्पट अंतरावर नेला, तर प्रकाश निम्मा नव्हे, साधारण चौथाई उरतो. व्यक्तीला भिंतीपासून चार-पाच फूट पुढे बसवून दिवा तिच्याजवळ ठेवला, तर भिंत आपोआप अंधारते आणि निराळा पडदा विकत घ्यावा लागत नाही.

दोन खबरदाऱ्या विसरू नयेत. छायाचित्र घेताना घरातील ट्यूबलाइट बंद करावी व खिडकीवर पडदा ओढावा. अन्यथा एक गाल पिवळा आणि दुसरा निळसर दिसतो. तसेच आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. छायाचित्रात आडवे पट्टे दिसू लागल्यास शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर आणावे.

या साऱ्या मांडणीत खरेदीचे असे जिन्नस दोनच, दिवा आणि स्टँड. बाकीचे घरातच सापडते. व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने म्हणूनच आरंभीच हप्त्यांवर महागडे संच घेण्याची घाई करू नये. घरातील माणसांना आळीपाळीने समोर बसवून, दिव्याची जागा प्रत्येक वेळी बदलून, निदान महिनाभर सराव करावा. प्रत्येक छायाचित्रामागे दिव्याचे अंतर आणि कोन वहीत टिपून ठेवावा. हवा तो परिणाम एका दिव्याने साधत नाही, हे त्या नोंदींतून स्पष्ट झाले, तरच दुसऱ्या दिव्याचा खर्च सार्थकी लागतो. तोपर्यंत तो पैसा बचत खात्यात अधिक सुरक्षित!